मीटर खोटं बोलत नाई

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी: काळी सायकल. ड्रायव्हर: पुंडलिकराव, स्वतः. निघालो ५.५०, आलो ७.०५. कंडक्टर: नाई.

एस.टी.त एकतीस वर्षं लॉगशीट भरली, ते खोड जात नाई. रिटायर होऊन सहा वर्षं झाले, मोठी गाडी सुटली, आता हे दोन चाकाची हाय. सेलूहून निघाचं, घोराडवरून कॅनॉलच्या पुलापर्यंत जाचं, पुलाच्या कठड्याले हात लावाचा अन् वापस. सायकलले कंडक्टर नसते म्हणून त्या रकान्यात 'नाई' लिहितो. डबल बेलची वाट पाहाची नाई, आपल्या मर्जीनं निघाचं, हेच तं सायकलचं सुख हाय. हे सुटलं तं मी ओसरीवर माशा मारत मरीन, हे आजच लिहून ठेवतो.

कारण आमचा पोरगा, हर्षित. शनिवारी नागपूरहून आलता. न विचारता हॅन्डलले एक पट्टा बसवला. त्यात फोन अडकवाचा म्हणे, म्हणजे मी कुठं हाय ते त्याले नागपुरात अन् त्याच्या मायले सैपाकघरात दिसन.

"काऊन दिसाले पाह्यजे?" मी म्हटलं. "मी काय पॅरोलवर सुटलो का?"

"बाबा, फोन नेणार नसान तं सायकल बंद करा."

ज्याले मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, तो मले सायकल बंद म्हणते! मंदा मधात एक शब्द बोलली नाई. पाठ करून पोळ्या लाटत राह्यली. आमची मंदा ज्या दिवशी चूप असते त्या दिवशी समजाचं, पाणी कुठं तरी मुरून राह्यलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस फोन लावून पाह्यला. म्हणू नये कोणी, का म्हातारा अडेल हाय.

पहिल्या दिवशी घोराडच्या उतारावर फोन वाजला, कोण्या बँकेची बाई कर्ज घेता का म्हणून विचारत होती. दुसऱ्या दिवशी उन्हात काचेवर काईच दिसलं नाई, माहंच थोबाड दिसलं. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली. अन् वरून घरी येतो तं मंदा म्हणते, "पुलावर लय वेळ उभे होते तुमी." म्हणजे मी पुलावर मुतलो तरी घरी खबर! हे काय फोन हाय? हा तं चेकिंग इन्स्पेक्टर हाय.

शेजारचा कैलास, मोटर वायंडिंगवाला, त्याच्या सायकलले एक डबी हाय, काड्याच्या पेटीएवढी. सायकलचा कॉम्प्युटर म्हणते तो त्याले. चाकाच्या तारेले एक चुंबक, चाक एक चक्कर फिरलं का डबी एक मोजते. स्पीड सांगते, किलोमीटर सांगते, सालभर सेल पुरते. फोन येत नाई, खबर जात नाई.

"पण हे कुठं गेले ते नाई सांगत, पुंडलिकभाऊ. फक्त किती गेले ते सांगते," कैलास म्हणाला.

"मंग तं हेच पाह्यजे," मी म्हटलं. कुठं गेलो ते मले मालूम असते.

९ नोव्हेंबर, रविवार

कैलासनं मीटर मागवून बसवून देल्लं. आजचा पहिला फेरा: १४.१. बरोब्बर. डेपोत मी पोरांना सांगत असो, माणूस खोटं बोलन, मीटर खोटं बोलत नाई. लय दिवसानं मले डॅशबोर्ड भेटला. फोन कपाटात ठेवून देल्ला.

हर्षितले फोनवर सांगितलं, का मी मीटर घेतलं. तो म्हणे, "बाबा, मीटर तुमाले शोधाले येणार हाय का?" मी म्हटलं, हरवते ते जनावर, मी ड्रायव्हर हाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

निघालो ५.४५. आलो ९.०५. मीटर: ३१.२.

पुलापर्यंतच गेलतो. कठड्याले हात लावला, वापस आलो. चौदाचे एकतीस कसे होतीन? चार दिवसांत मीटर बिघडलं. कैलासनं वापरलेला माल चिपकवला का काय?

अन् ते नऊचं घड्याळ. मी तं सात वाजताचा आलो असन. भितीवरचं घड्याळ मंदानंच पुढं केलं, म्हणजे मी उशिरा आलो असं दिसावं अन् हर्षितले सांगता यावं. तिले विचारलं तं म्हणे, "चहा गरम करून देतो, बसा." असं सरळ उत्तर न देणारं माणूस मी कोर्टातच पाह्यलं.

थैलीत पाण्याच्या बाटलीखाली एक चिठ्ठी भेटली. मंदाचा फोन नंबर, तिच्याच अक्षरात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. कोणासाठी हे? मले तं तो नंबर पाठ हाय. चिठ्ठी होती तशी ठेवून देल्ली. आपल्याले समजलं हे चोराले समजू देऊ नये.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मस्त कल्पना सुचली. रस्त्यावर किलोमीटरचे दगड हायेत ना. प्रत्येक दगडापाशी थांबून मीटर पाह्यलं. एक दगड, एक किलोमीटर. दुसरा दगड, दोन. पुलापर्यंत सात दगड, मीटर सात. एक बोट इकडचं तिकडं नाई.

म्हणजे मीटर चांगलं हाय. म्हणजे खोट दुसरीकडं हाय. मी घरी आल्यावर कोणी तरी चाक फिरवते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मीटर: ३१.१.

कैलासवर नजर ठेवली. तो दिवसभर मोटारीच्या तारा गुंडाळत बसते, सायकलकडं पाहत बी नाई. पण जास्त साधा दिसते तोच जास्त बनेल असते.

अन् मंदा. मागच्या दारी फोनवर बोलत होती, आवाज बारीक करून. मी सायकल ठेवली तं ऐकू आलं, "हो बाई, आले, आत्ताच आले. तुमचे लय उपकार झाले." मले पाह्यलं अन् फोन पदराखाली.

"कोण बाई?"

"भाजीवाली."

आमच्या वावरात वांगे अन् टमाटर उभे हायेत, बाजारच्या दिवशी आमीच विकतो. आमाले भाजीवालीचे कायचे उपकार? चाळीस वर्षं झाले लग्नाले, या बाईले खोटं बोलता येत नाई, हे एक बरं हाय. ती बाई म्हणजे सायकल विकत घेणारी कोणी तरी असन. हर्षित नागपुरातून सौदा लावते अन् ही इथून गाडी दाखवते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सापळा लावला. काल फेरा झाल्यावर पुढच्या टायरवर खडूची रेघ मारली, तशीच खाली फरशीवर. कुलूप लावलं, चाबी बनियनच्या खिशात. सकाळी पाह्यलं, दोन्ही रेघा समोरासमोर. कोणी हात लावला नाई. मीटर शून्य करून निघालो.

आलो तं ३१.३.

घरात कोणी चाक फिरवलं नाई. मी पुलापर्यंतच गेलो. मंग सतरा किलोमीटर चाललं कोण?

अन् थैलीत दोन सीताफळं. जंगली, लहान, पिकलेले. मी घेतले नाई. बाजारात मी गेलोच नाई. कोणी माह्या थैलीत वस्तू टाकून राह्यलं, आज सीताफळं, उद्या काय टाकीन सांगता येते का? सीताफळं शेजारच्या बकरीले टाकून देल्ले. मंदानं पाह्यलं अन् तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सीताफळासाठी! आता बोला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

१४.०. काई विशेष नाई. तूर फुलावर हाय. पुलावर धुकं होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक मस्त कल्पना सुचली, आधी कशी नाई सुचली कोण जाणे. रस्त्यावर किलोमीटरचे दगड हायेत ना! प्रत्येक दगडापाशी थांबून मीटर तपासलं. सात दगड, मीटर सात. मीटर चांगलं हाय. आता कैलासवर शंका घ्याचं कारण नाई.

मंदाले मोठ्या खुशीत सांगितलं. ती म्हणाली, "हो, चांगलं केलं," अन् माह्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवतात तसा. मले राग आला. मी काय आजारी हाय?

२९ नोव्हेंबर, शनिवार

हर्षित आला, अन् जे व्हाचं ते झालं.

त्यानं भितीवर लटकवलेली रोजच्या आकड्यांची लॉगशीट पाह्यली. "बाबा, हे एकतीस कुठचे? कुठं गेलते?"

"तेच मी शोधून राह्यलो."

"म्हणजे तुमाले मालूम नाई?"

"मले सगळं मालूम हाय! तुमी मायलेकं मिळून मले येडं ठरवून राह्यले. सायकल विकाची हाय तुमाले. घड्याळं फिरवता, थैलीत वस्तू टाकता!"

पोराचं तोंड पांढरं पडलं. मंदाकडं पाह्यलं त्यानं. "आई, हे कधीपासून?" ती पोळपाट धुत राह्यली, नळ चालूच. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी येतो अन् सायकल नागपूरले नेतो. बापाचं ऐकून न घेता गेला.

सात दिवस. सात दिवसांत चोर पकडला नाई तं सायकल गेली.

अन् पकडाचा कसा ते मले ठाऊक हाय. कुठं गेली ते फोन सांगते ना? मंग फोनच लावतो. कोणाले न सांगता. कैलासकडून ते नकाशाचं चालू करून घेतो अन् फोन सीटखाली रुमालात बांधून ठेवतो. मीटर पुढं दिसन, फोन कोणाले दिसणार नाई. चोर जिथं नेईन तिथचा नकाशा निघन.

३० नोव्हेंबर, रविवार

१४.२. नकाशा: घर, पूल, घर. चोर हुशार हाय.

१ डिसेंबर, सोमवार

निघालो ५.४०. मीटर: ३१.२. पकडला!

चहा बी न घेता कैलासच्या दुकानात गेलो. त्यानं नकाशा उघडला. निळी रेघ घरून निघाली, पुलावर आली, पुलाच्या पुढं गेली. फाट्यावरून जंगलाच्या बाजूनं वळली अन् सालईटोल्यात जाऊन थांबली. एक्केचाळीस मिनिटं. मंग त्याच रस्त्यानं वापस.

सालईटोला! माहीच मुक्कामी गाडी जात होती तिथं. नऊ वर्षं. संध्याकाळी न्याची, चिंचेखाली लावाची, अन् सकाळी सहाले तिथूनच पहिली फेरी काढाची. मुक्कामी गाडी बंद झाल्याले पंधरा वर्षं झाले असतीन.

"पाह्य, कैलास. चोर सालईटोल्याचा हाय."

कैलासनं हातातली तार खाली ठेवली. "पुंडलिकभाऊ, फोन कुठं होता?"

"सीटखाली. बांधलेला."

"अन् सीटवर कोण होतं?"

त्यानं स्टूल सरकवलं, मी बसलो. तो पाणी आणाले गेला.

घरी येऊन हे वही पहिल्यापासून वाचली. १५ तारखेले दगड तपासले. २७ तारखेले दगड तपासले, 'आधी कशी नाई सुचली'. अक्षर माहंच. एकतीस वर्षं लॉगशीटा भरलेलं अक्षर, ते ओळखाले मले साक्षीदार लागत नाई. दुपारपर्यंत वही मांडीवर घेऊन बसलो होतो. मले लय भेव वाटून राह्यलं, हे लिहितो, कारण तोंडानं सांगता येत नाई.

२ डिसेंबर, मंगळवार

आज जाणूनबुजून सालईटोल्याले गेलो. पूल आला तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "हा पूल. मी पुंडलिक. मी पुढं जातो." वळणावळणावर असंच म्हणत गेलो. ऊन निघाल्यावर पोचलो.

चिंच तशीच हाय. खाली बायजाची चहाची टपरी, तेव्हा होती तिथंच. बायजा आता म्हातारी झाली, आतल्या सुनेले गोंडीत काई तरी म्हणाली अन् माह्याकडं पाहून हासली. "आले का डायवर साहेब? आज लय उशिरा आले."

"बायजा, मी येतो का इथं?"

तिले आधी वाटलं, मी चेष्टा करून राह्यलो. मंग माहं तोंड पाह्यलं अन् आधण खाली उतरवलं.

"येता ना. दिवाळीच्या आधीपासून."

"अन् काय करतो?"

"चिंचेखाली उभे राह्यता. मले विचारता, बायजा, कंडक्टर उठला का? सहाची गाडी काढाची हाय, डबल बेल कोण देईन? मी म्हणतो, उठून राह्यला, तवरिक चहा घ्या. चहा पेले का तुमी हळूहळू ठिकाणावर येता. सायकल घेता, निंगता. मंग मी मंदाबाईले फोन लावतो, निंगाले म्हणून."

"तिचा नंबर कुठचा?"

"तुमच्या थैलीत चिठ्ठी नाई का? पहिल्या डावाले तीच भेटली."

"सीताफळं?"

"माहेच. गोड होते ना?"

मी म्हटलं, लय गोड होते.

घरी आलो तं मंदा दारात उभी, फोन हातात. मी सायकल उभी केली अन् म्हटलं, "भाजीवालीचा फोन आला असन."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. "तुमाले समजलं?"

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी सायकल सोडली असती. हर्षितले सांगितलं असतं तं त्यानं सोडवली असती. सायकलबिगर तुमी काय राह्यले असते, ते मले नाई का मालूम? बायजाबाई म्हणाली, तिथवर येतात, चहा पितात अन् बरोबर घरी जातात. म्हटलं, जेवढे दिवस चालते तेवढे दिवस चालू द्यावं." मंग म्हणाली, "तुमी येईपर्यंत मी पोळ्या लाटत राह्यतो. किती पोळ्या लाटल्या, कोणी खाल्ल्या नाईत त्या."

या बाईनं घड्याळ पुढं केलं असं मी याच वहीत लिहिलं हाय. खोडलं नाई. लॉगशीटवर खाडाखोड चालत नाई. पण तिच्या बाजूले उंबऱ्यावर बसलो अन् रडलो. माय गेली तेव्हा रडलो होतो, त्याच्यानंतर आजच.

६ डिसेंबर, शनिवार

हर्षित सायकल न्याले आला. मीच त्याच्या हाती वही देल्ली. म्हटलं, वाच, मंग बोल. त्यानं ओसरीवर बसून सगळी वाचली. 'पॅरोल'पाशी हासला बी. दगडाचं दुसऱ्यांदा आलं तेव्हा वही मिटली अन् चष्मा पुसत राह्यला.

"बाबा, सोमवारी डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ. पण सायकल इथंच राहीन."

मायलेकात अन् बापात दोन घंटे भांडण झालं, चांगलं, खुल्लमखुल्ला. आमच्या घरात असं भांडण लय दिवसानं झालं. मंदा आज चूप नोती. ती म्हणाली, "सायकल नेली तं मी बी नागपूरले येतो, मंग सांभाळ दोघाले." हर्षितनं हात जोडले.

९ डिसेंबर, मंगळवार

काल डॉक्टर बाईनं घड्याळाचं चित्र काढाले लावलं, पाच वस्तू सांगून मंग विचारल्या. मले तीन आठवल्या. फोटो काढले डोक्याचे. म्हणाली, सुरुवात हाय, गोळ्या घ्या, सगळं लवकर समजलं हे चांगलं झालं. सायकलचं मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, चालवा, पण सडकेवर मोठ्या गाड्या चालू व्हाच्या आत, अन् कोणाची तरी नजर पाह्यजे तुमच्यावर. पुढं कधी बंद करा म्हटलं, तं करा.

करीन. तो दिवस येईन, मले मालूम हाय. लायसन बी असंच एक दिवस जमा केलं होतं.

वापस येतानी गाडीत विचार करत होतो. मीटर मले आवडते, अजून बी आवडते. त्यानं मले एकदाही फसवलं नाई. एकतीसचे एकतीसच सांगितले, मीच त्याले चोर म्हटलं. पण किती चाललं एवढंच त्याले समजते. अन् गाडी काई ड्रायव्हर एकटा चालवत नाई, हे मी एकतीस वर्षं पाह्यलं अन् घरी येऊन इसरलो.

१० डिसेंबर, बुधवार

पट्टा हॅन्डलवरच होता, हर्षितनं लावलेला. त्यात फोन बसवला. बाजूले मीटर. मंदाच्या फोनात माहा ठिपका दिसते, पूल ओलांडला का तिच्या इथं वाजते. बायजाले बी सांगून ठेवलं, आता आलो तं दोघं येऊ, सीताफळं संपले असतीन तं बोरं ठेवजो म्हणून.

सायकल बाहेर काढली. पायडलवर पाय ठेवला अन् थांबलो. मंदाले म्हटलं, "अवो, असं कसं? घंटी वाजव."

"कायची घंटी?"

"हॅन्डलची. एकदा वाजवली तं थांब, दोनदा वाजवली तं निंग."

तिनं पदरानं हात पुसला, ओसरीवरून उतरली अन् अंगठ्यानं घंटी वाजवली. टिंग. मंग माह्याकडं पाह्यलं, अन् थोडी थांबली. मले वाटलं, वाजवत नाई आता. मंग टिंग.

निघालो ६.१०. पुलाच्या कठड्याले हात लावला. आलो ७.२५. मीटर: १४.१.

ड्रायव्हर: पुंडलिकराव, स्वतः.

कंडक्टर: मंदा.